पाकिटावरची थंडी आणि वाफ्यातली थंडी

ऑनलाइन मागवलेल्या परदेशी टोमॅटोच्या पाकिटावर हमखास एक सूचना असते: शेवटचं हिम, म्हणजे गोठलेलं दंव, पडून गेल्यावर रोपं बाहेर लावा. थंड देशांत बागेचं सगळं गणित याच तारखेवर चालतं. वसंतातल्या शेवटच्या हिमापासून शरदातल्या पहिल्या हिमापर्यंत जेवढे दिवस, तेवढाच नाजूक भाज्यांचा हंगाम. तारीख बऱ्याच वर्षांच्या नोंदींवरून काढलेली असते आणि ती सरासरी असेल, तर साधारण निम्म्या वर्षी हिम तिच्यानंतरही पडतं.

पुण्यात किंवा नाशकात अशी तारीख कुठून आणायची? तारीख नाही, पण हिम अजिबातच नाही असंही नाही.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी थंडीतल्या एखाद्या पहाटे स्ट्रॉबेरीच्या पानांवर आणि गाड्यांच्या टपांवर गोठलेल्या दंवाचे पांढरे कण दिसतात. त्याच दिवशी वेधशाळेचा आकडा शून्याच्या बराच वर असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, झरोक्यांच्या लाकडी पेटीत असतो आणि तो हवेचं तापमान सांगतो. पान उघड्यावर असतं. रात्रभर ते आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतं. ढग असले तर त्यातली बरीच परत मिळते, निरभ्र आणि कोरड्या रात्री फारच थोडी. वारा पडलेला असला की वरची उबदार हवा खाली मिसळत नाही, आणि पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं.

हे मी घरीच मोजून पाहिलं. एक तापमापक ओट्याच्या खांबाला टांगला, दुसरा मेथीच्या वाफ्यात पानांच्या उंचीला ठेवला. पहाटे सहाला खांबावर 9 अंश, मेथीत 5. दोन्हींत अंतर जेमतेम दहा पावलांचं!

थंड हवा जड असते, पाण्यासारखी उताराने खाली येऊन खोलगटात साठते. निफाड महाबळेश्वरच्या निम्म्याहूनही कमी उंचीवर आहे, तरी थंडीच्या लाटेत तिथला पारा बरेचदा महाबळेश्वरपेक्षा खाली जातो. उत्तरेचे वारे तिथे आधी पोचतात, आणि मोकळ्या सपाट मुलखात रात्रीची थंड हवा जमिनीलगत बसून राहते. म्हणून बागेत सर्वांत खोल कोपरा टोमॅटो-वांग्याला देऊ नये. तिथे पालक, कोबी लावावेत. हलकं हिम ते सोसतात, शिवाय थंडीत पानांत साखर वाढल्याने चवीला गोड लागतात.

टोमॅटोचं तसं नाही. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढतो. ऊन आलं की पान उकडलेल्या भाजीसारखं लुळं पडतं, मग काळं होतं. निफाडचे द्राक्षबागायतदार अशा रात्री शेकोट्या पेटवतात, पहाटे बागेला पाणी देतात. पाणी आपली ऊब सोडतं, आणि ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते. घरच्या वाफ्याला दुपारीच पाणी द्यावं आणि संध्याकाळी काठ्यांवर जुनी सुती साडी ताणावी. साडी पानांना टेकू देऊ नये.

पण आपल्या बऱ्याच बागांना हिमापेक्षा उन्हाची तारीख जास्त महत्त्वाची आहे, असं माझं ठाम मत आहे. दिवसा पारा 35च्या पुढे गेला किंवा रात्री 21-22च्या खाली उतरेनासा झाला की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. फूल येतं आणि देठापासून गळतं. खत घालून उपयोग नसतो. मुंबईत रात्रीची ऊब आड येते, पुण्या-नागपुरात दुपारचं ऊन, आणि दोन्हीकडे हे मार्चमध्येच सुरू होतं.

म्हणून मोजायचं ते मार्चपासून मागे. फळधारणा 10 मार्चपर्यंत उरकायची, बहराला महिनाभर हवा, म्हणजे फुलं फेब्रुवारीच्या सुरुवातीला यायला हवीत. पुनर्लागवडीनंतर फुलाला महिना-सव्वा महिना लागतो, म्हणजे रोप जानेवारी लागताच वाफ्यात. थंडीत रोपवाटिकेत पाच आठवडे धरले तर बी नोव्हेंबर संपायच्या आत पडायला हवं. पाकिटावरची सूचना पाळून थंडी सरायची वाट पाहिली, तर झाड मोठं होतं आणि फळ धरत नाही. मुख्य पीक मात्र त्याआधीचं, ऑगस्टअखेर बी टाकून घेतलेलं.

भेंडीचं उलट आहे. गार मातीत तिचं बी उगवायच्या आधीच कुजतं, म्हणून मी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत थांबते. टोमॅटोची फुलं गळायला लागली तो दिवस दरवर्षी वहीत लिहून ठेवते: गेल्या वर्षी 12 मार्च, त्याआधी 4 मार्च. तोवर शेजारच्या वाफ्यात भेंडी उगवून वर आलेली असते.