दिसतो त्यापेक्षा वेगवान

३१ जानेवारी १९९३. कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल मैदानावर अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, संपत आला होता. डॅलस काउबॉइज ५२, बफलो बिल्स १७. बफलोच्या हातून निसटलेला चेंडू डॅलसच्या लिऑन लेटने उचलला आणि तो पळत सुटला. सव्वाशे किलोंहून जड गडी, समोर मोकळं मैदान. गोलरेषा हातभर उरली असताना आनंदाच्या भरात त्याने चेंडूचा हात बाजूला पसरला. तेवढ्यात मागून आलेल्या बफलोच्या डॉन बीबीने त्या हातावर फटका मारला. चेंडू उडाला आणि डॅलसचे हक्काचे गुण गेले.

ही धाव आजही दाखवली जाते ती जिद्दीचं उदाहरण म्हणून. सामना हातचा गेलेला असताना बीबी धावला, ही जिद्दच होती. पण मागून निघून पुढच्याला गाठायला नुसती जिद्द पुरत नाही, पायांत वेग लागतो. बीबी गोरा होता, आणि ४० यार्डांचं, म्हणजे साडेछत्तीस मीटरचं, अंतर ४.४ सेकंदांच्या आत कापणारा होता. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या सर्वांत वेगवान खेळाडूंमध्ये त्याची गणना व्हायची. तरी त्या धावेच्या आठवणीत वेग मागे पडतो आणि मेहनत पुढे येते. तो कृष्णवर्णीय असता तर पहिला उद्गार 'काय वेग आहे!' असाच निघाला असता, असं मला ठामपणे वाटतं.

या वाटण्याला प्रयोगाचा आधार आहे. १९९७ साली जेफ स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना बास्केटबॉल सामन्याचं रेडिओवरचं समालोचन ऐकवलं आणि एका खेळाडूवर लक्ष ठेवायला सांगितलं. निम्म्यांना तो खेळाडू म्हणून कृष्णवर्णीयाचा फोटो दाखवला, निम्म्यांना गोऱ्याचा. समालोचन एकच, खेळही एकच. तरीही पहिल्या गटाला त्याच्यात उपजत शारीरिक क्षमता जास्त दिसली. दुसऱ्या गटाला त्याच्यात खेळाची समज आणि धडपड दिसली. कानांनी जे ऐकलं त्याचा अर्थ फोटोने ठरवला.

आता बीबी ज्या जागेवर खेळायचा, त्या वाइड रिसीव्हरचं काम पाहू. तो मैदानाच्या कडेला उभा राहतो, डाव सुरू होताच पुढे धावतो, हुलकावणी देऊन वळतो आणि डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू झेलतो. त्याला रोखायला समोर प्रतिस्पर्धी संघाचा कॉर्नरबॅक असतो. कॉर्नरबॅकची खरी परीक्षा डाव सुरू होण्याआधीच होते. रिसीव्हरपासून किती अंतरावर उभं राहायचं, हे त्याला ठरवावं लागतं. समोरचा वेगवान असेल तर चार पावलं मागे, नसेल तर जवळ. हा अंदाज थोडा जरी चुकला तरी महागात पडतो. सेकंदाला साडेआठ मीटर धावणारा आणि नऊ मीटर धावणारा यांच्यात तीन सेकंदांत दीड मीटरचा फरक पडतो. हात ताणूनही चेंडूला बोट लागू नये, एवढं हे अंतर आहे.

ग्रीन बे पॅकर्सचा जॉर्डी नेल्सन या दीड मीटरवर जगला. कॅन्ससच्या शेतावर वाढलेला हा गोरा मुलगा शाळेत असताना धावण्याच्या शर्यती जिंकत होता. तरी कॉलेजच्या संघात तो शिष्यवृत्तीशिवाय आला, आणि तेही बचावातला खेळाडू म्हणून. रिसीव्हर तो नंतर झाला. २०१४ च्या मोसमात त्याने ९८ झेल घेऊन १५१९ यार्ड कमावले, म्हणजे चेंडू एकूण तेवढा पुढे नेला. अशा गोऱ्या खेळाडूंसाठी अमेरिकन समालोचकांचा एक ठरलेला शब्दप्रयोग आहे: 'दिसतो त्यापेक्षा वेगवान'. वेग तर जेवढा असतो तेवढाच दिसतो. फसलेली असते ती पाहणाऱ्याची नजर.

मग घड्याळावर विसंबावं का? दरवर्षी होतकरू खेळाडूंच्या चाचण्या होतात, त्यात ४० यार्डांची धाव सर्वांत गाजते. २०१७ साली जॉन रॉस या कृष्णवर्णीय रिसीव्हरने ती ४.२२ सेकंदांत पूर्ण करून विक्रम केला आणि खेळाडूंच्या निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, नवव्या क्रमांकावर सिनसिनाटीने त्याला घेतलं. त्याच चाचण्यांत कूपर कप नावाच्या गोऱ्या रिसीव्हरला ४.६२ सेकंद लागले. त्याचा क्रमांक ६९ वा लागला. दुखापतींनी ग्रासलेल्या रॉसचे पूर्ण कारकिर्दीत हजार यार्डही झाले नाहीत. कपने २०२१ च्या एकाच मोसमात १४५ झेल घेत १९४७ यार्ड केले, आणि त्या मोसमाच्या सुपर बोलमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोन माणसांवरून नियम निघत नाही, हे मान्य. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कुझमिट्स आणि ॲडम्स यांच्या अभ्यासातही या चाचण्या आणि पुढची कामगिरी यांच्यात सातत्याने संबंध आढळला नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या बाबतीत तेवढा धावेचा वेग उपयोगी ठरला. रिसीव्हरला सरळ धावता आलं तरी वळणाआधी वेग किती आवरायचा आणि वळल्यावर किती पटकन पुन्हा पकडायचा, हे त्या सरळ रेषेत मोजलंच जात नाही.

'पण वेग जनुकांतच असतो ना?' हा प्रश्न इथे हमखास येतो. एसीटीएन३ नावाच्या जनुकाला वर्तमानपत्रांनी 'वेगाचं जनुक' करून टाकलं आहे. झटक्याने आकुंचन पावणाऱ्या स्नायुतंतूंमधलं एक प्रथिन या जनुकामुळे तयार होतं. युरोपीय वंशाच्या सुमारे १८ टक्के लोकांत ते तयारच होत नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे प्रमाण फारच कमी आहे. इथे थांबलं तर 'कृष्णवर्णीय वेगवान, गोरे संथ' हा ठोकताळा खरा वाटतो. पण हाच आकडा उलटा वाचा: युरोपीय वंशाच्या दर पाचांपैकी चारांकडे हे प्रथिन आहेच. ते असलेल्या कोट्यवधी लोकांतले मूठभरच वेगवान धावपटू होतात. वेगावर असंख्य जनुकांचा थोडाथोडा परिणाम होतो, शिवाय सराव आणि आहार असतोच. त्वचेच्या रंगावरून एखाद्या मुलाच्या मांडीतले स्नायुतंतू ओळखता येत नाहीत. तरी चौदा वर्षांच्या मुलाला कुठल्या जागी खेळवायचं, हे ठरवताना प्रशिक्षक नेमकं तेच करू शकतो, आणि दहा वर्षांनी त्या जागेवर एकाच रंगाची माणसं दिसली की तो निसर्गाचा कौल वाटू लागतो.

समाजशास्त्रात या वाटणीला 'स्टॅकिंग' म्हणतात. जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग यांनी १९७० साली ती आकड्यांनी मांडली. क्वार्टरबॅक, सेंटर अशा मैदानाच्या मध्यावरच्या, निर्णयाच्या जागा गोऱ्यांकडे, आणि कडेच्या, धावायच्या जागा कृष्णवर्णीयांकडे. वाइड रिसीव्हर ही कडेचीच जागा. त्यामुळे गोऱ्या रिसीव्हरचा वेग ज्या ठोकताळ्याने झाकला, त्यानेच कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकची बुद्धी झाकली, आणि ही दुसरी बाजू कितीतरी जास्त क्रूर आहे. मार्लिन ब्रिस्को १९६८ साली डेन्व्हर ब्रॉन्कोजचा क्वार्टरबॅक झाला आणि पदार्पणाच्या मोसमातच त्याने १४ टचडाउन फेकले, म्हणजे त्याच्या फेकींवर संघाने १४ वेळा गोलरेषा ओलांडली. पुढच्या वर्षी त्याला ती जागा मिळाली नाही. तो बफलोला गेला, आणि तिथे त्याला वाइड रिसीव्हर केलं. त्याने तेही शिकून घेतलं, इतकं की १९७० साली तो त्या जागेवरून प्रो बोलसाठी, म्हणजे निवडक उत्तम खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. क्वार्टरबॅक म्हणून तो कुठवर गेला असता, हे कळायची सोयच उरली नाही. पन्नास वर्षांनी, २०१८ साली, लमार जॅक्सन ड्राफ्टला आला तेव्हाही त्याने रिसीव्हर व्हावं असा सल्ला जाहीरपणे दिला गेला. त्याने ऐकलं नाही. २०१९ च्या मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू निवडताना ५० पैकी ५० मतं त्याला पडली, क्वार्टरबॅक म्हणून.

हा ठोकताळा मैदानापुरता राहिला असता तरी अन्याय होताच. पण डोक्याला मार बसून मेंदूचा विकार झालेल्या माजी खेळाडूंना भरपाई देताना तो थेट वैद्यकीय सूत्रात शिरला. विकार ठरवण्यासाठी घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांचे गुण वंशानुसार जुळवून घेतले जात. कृष्णवर्णीय माणसाची बौद्धिक पातळी मुळातच कमी असणार असं गृहीत धरल्यामुळे, तेवढेच गुण मिळालेल्या गोऱ्याची स्मृती ढासळलेली ठरे आणि कृष्णवर्णीयाची 'त्याच्या मानाने ठीक' ठरे. नाजेह डॅव्हनपोर्ट आणि केव्हिन हेन्री या दोन माजी खेळाडूंनी २०२० साली याविरुद्ध दावा लावला. २०२१ मध्ये लीगने ही पद्धत थांबवण्याचं मान्य केलं, आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाच्या मंजुरीनंतर जुन्या चाचण्यांचे गुण वंशाचा रकाना वगळून पुन्हा मोजायला सुरुवात झाली.