गरिबी वेगळी, नाडवणूक वेगळी: गडचिरोलीत बंदूक रुजली कशी?

नक्षलवादाचा विषय निघाला की निकाल ठरलेला असतो: ‘गरिबी आहे, म्हणून पोरं बंदूक घेतात. रस्ते करा, कारखाने आणा, संपेल.’ इथे गरिबी आणि नाडवणूक एकाच पोत्यात भरली जाते. दोघी बऱ्याचदा एकाच घरात नांदतात, हे खरं. पण गरिबी म्हणजे जवळ काही नसणं. नाडवणूक म्हणजे जंगल आपल्या दारात, कष्ट आपले, आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत.

अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट बघा. धारणी आणि चिखलदरा हे तालुके कुपोषणातल्या बालमृत्यूंमुळे देशाला माहीत झाले. जंगल, आदिवासी, उपासमार, सगळं तिथे आहे. दलम, म्हणजे नक्षलवाद्यांची सशस्त्र तुकडी, मात्र रुजलं नाही. (याला भूगोलही कारण आहे. गडचिरोलीला बस्तर आणि तेलंगणाची सीमा लागून आहे, मेळघाटाला नाही.)

१९८०च्या सुमारास आंध्रातली दलमं नदी ओलांडून सिरोंचा-अहेरीकडे आली, तेव्हा गावात पहिला विषय निघाला तो विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याचा. मे महिन्यात पहाटेच जंगलात जायचं, पानं खुडायची, घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि उन्हं कलली की फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, ठेकेदाराच्या मुन्शीपुढे मांडायचे. शंभर पुड्यांना किती पैसे, ते ठेकेदार ठरवणार. पान बारीक आहे म्हणून काही पुडे मुन्शी बाजूला टाकणार, त्यांची मजुरी बुडाली. मोळी आणायला गेलं तर वनखात्याचा नाकेदार आडवा. अशा ठिकाणी धाक दाखवून कुणी दर वाढवून दिला, तर त्याला रात्री भाकरी कोण देणार नाही? मार्क्स आणि माओ नंतर आले.

वरच्या नेत्यांकडे पाहिलं तर गरिबीचा सिद्धान्त आणखी लंगडा पडतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत शरण आलेला माओवादी नेता भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, पदवीधर. घरात खायला नाही म्हणून तो जंगलात गेलेला नव्हता.

मग हीच दलमं तेंदूच्या ठेकेदारांकडून खंडणी घेऊ लागली, ‘खबऱ्या’ ठरवून आदिवासींनाच मारू लागली. मुन्शीची वही गेली, पण हिशेब गावाकडे आलाच नाही.

तो गावाकडे आणता येतो, हे याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं दाखवलं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गोंड गावाला सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनखातं बांबूला इमारती लाकूड म्हणत वाहतूक परवाना देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. बांबू पूर्वीही तिथेच होता. तो विकताना सही आता ग्रामसभेची लागू लागली.

आता याच जिल्ह्यातल्या सुरजागडला लोहखनिजाची खाण चालू आहे, रोजगार येतो आहे. गरिबीवर तो इलाज असेलही. ग्रामसभेला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मात्र तिथल्या गावांनी अजून सोडलेला नाही.