सर्पदंश : आपत्कालीन परिचर्या

सर्पदंशाच्या रुग्णाला दवाखान्यात आणल्यापासून पुढचे किमान २४ तास त्याच्यावर नजर ठेवणे, विषबाधेची पहिली खूण पकडणे आणि प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरचा उतारा) चालू असताना खाटेपाशी उभे राहणे ही परिचारिकेची कामे. औषधाचा आदेश डॉक्टर देतात, पण तो कधी द्यायचा हे बरेचदा परिचारिकेने काय पाहिले आणि केव्हा सांगितले यावर ठरते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत 'साप चावला' असे सरळ म्हणणे टाळतात. 'पान लागलं' म्हणतात आणि सापाचा उल्लेख 'जनावर' किंवा 'लांबडं' असा करतात. शहरात शिकून ग्रामीण रुग्णालयात रुजू होणाऱ्या सिस्टरने हे शब्द पहिल्याच आठवड्यात शिकून घेतलेले बरे.

विषारी दंशांपैकी बहुतेक गंभीर दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे. घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे भारतीय प्रतिसर्पविष या चारही विषांवर एकत्रित चालते. त्यामुळे साप कोणता होता यावर उपचार अडत नाही. साप मारून पिशवीत घालून आणण्यात नातेवाइकांचा अर्धा तास जातो, शिवाय मेलेल्या सापाचे डोकेही काही काळ डसू शकते. साप बिनविषारी असू शकतो, विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. म्हणून वाचायचा असतो तो रुग्ण, साप नव्हे.

दाखल होताच श्वास, नाडी, रक्तदाब पाहतात. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, जोडवी सूज चढण्याआधीच उतरवून ठेवतात. जखम कापत नाहीत, चोखत नाहीत, चोळतही नाहीत. चावलेला हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवतात. दोरी किंवा फडके घट्ट आवळून आणले असेल तर ते घाईने सोडणे धोक्याचे आहे, कारण अडकलेले विष एकदम अंगात पसरून श्वास बंद पडू शकतो. आधी शिरेत सुई लावून, औषधे आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी घेऊन मगच, डॉक्टरांसमोर, ते सोडतात. सुजेची वरची कड पेनने आखून बाजूला वेळ लिहितात. ती रेघ पुढच्या पाळीच्या परिचारिकेला पानभर नोंदीपेक्षा जास्त सांगते.

घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हे ओळखण्याची चाचणी अगदी साधी आहे आणि तीच सर्वांत जास्त वेळा चुकते. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत शिरेतले सुमारे २ मिलिलीटर रक्त घेऊन २० मिनिटे ती नळी हलवायची नाही. मग एकदाच तिरपी करून पाहायची. रक्त वाहिले तर विषबाधा आहे. प्लॅस्टिकची नळी चालत नाही. साबणाने धुतलेली काचही चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शानेच गोठण्याची क्रिया सुरू होते आणि साबणाचा अंश ती बिघडवतो. मधेच कोणीतरी उत्सुकतेने नळी उचलून बघते, तेही टाळायला हवे. पहिली चाचणी ठीक आली तरी ती ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते. अशा रुग्णाला स्नायूत विनाकारण इंजेक्शन देत नाहीत. सुई काढल्यावर ती जागा बराच वेळ दाबून धरतात. हिरड्यांतून रक्त येते का हे पाहतात आणि लघवी मोजतात, कारण घोणसाच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होतात. लघवी कमी होणे किंवा काळपट होणे ताबडतोब कळवायचे.

मण्यारीची गोष्ट वेगळी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज नसते, दाताची खूणही बरेचदा दिसत नाही. पहाटे पोट दुखते म्हणून माणूस येतो आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी जातो. पावसाळ्यात असा रुग्ण आला की 'रात्री कुठे झोपला होतात?' हे विचारायलाच हवे. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, गिळता न येणे, उशीवरून मान न उचलणे हा पुढचा क्रम. रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावतात. मघाशी पंचवीसपर्यंत गेलेला आता दहावर थांबला तर श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी करायची. नागाच्या दंशात ॲट्रोपिनसोबत दिलेले निओस्टिग्मिन अनेकदा पापण्या उघडवते. मण्यारीचे विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते, त्यामुळे तिथे त्याचा फारसा उपयोग होत नाही. व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात. त्या काळात बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, अंग हलत नाही, रुग्ण मेंदूमृत वाटतो. पण तो शुद्धीवर असू शकतो, ऐकत असू शकतो. खाटेशी उभे राहून त्याच्या जगण्यामरण्याची चर्चा करू नये, त्याच्याशी नावाने बोलावे, उघडे राहिलेले डोळे कोरडे पडू देऊ नयेत.

विषबाधेची खूण दिसली की प्रतिसर्पविष, साधारण १० कुप्या. मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेले नसते. भुकटीत पाणी घालून कुपी हलकेच फिरवतात. खळखळून हलवली तर फेस होतो. मग ते सलाईनमधून तासाभरात देतात. औषधाची रिॲक्शन येईल का हे पाहायला आधी कातडीवर चाचणी घेण्याची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे. तिने काही कळत नव्हते. त्याऐवजी रिॲक्शन आवरणारे ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून खाटेशी ठेवतात. खाज, पित्त उठणे, उलटी, थंडी, छातीत घरघर यांतले काहीही दिसले की सलाईन थांबवायचे आणि प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन मांडीच्या स्नायूत द्यायचे. रिॲक्शन ओसरली की प्रतिसर्पविष पुन्हा हळूहळू सुरू होते. रिॲक्शन आली म्हणून ते कायमचे बंद करणे ही घातक चूक. नळीची चाचणी ६ तासांनी पुन्हा करतात, कारण विष निष्प्रभ झाले तरी गोठण्याचे घटक नव्याने बनवायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

सह्याद्रीत आढळणाऱ्या चापडा जातीच्या विषारी सापांच्या दंशावर हे प्रतिसर्पविष चालत नाही; तिथे सूज, वेदना आणि रक्तस्राव सांभाळत राहणे हाच उपचार. घरी सोडताना एक सूचना द्यायची राहते : आठ-पंधरा दिवसांनी ताप, सांधेदुखी किंवा अंगावर पुरळ आले तर ते विष उलटलेले नसते, औषधाची उशिरा येणारी रिॲक्शन असते. मांत्रिकाकडे न जाता परत दवाखान्यात यायचे.