इंजेक्टरची गळती

मोटारगाडीच्या इंजिनातील इंजेक्टर, म्हणजे इंधनाचा फवारा सोडणारा भाग, बंद असतानाही त्याच्या टोकातून इंधन झिरपत राहणे, किंवा तो जिथे बसवलेला असतो त्या सांध्यातून इंधन बाहेर येणे, यास इंजेक्टरची गळती म्हणतात. पहिली आतली गळती, दुसरी बाहेरची. बाहेरची गळती नाकाला व डोळ्याला कळते आणि बहुधा रबराच्या एका रिंगेवर भागते. आतली गळती दिसत नाही. तिचे सोंग पंप, रेग्युलेटर (इंधनाचा दाब ठरावीक ठेवणारा भाग), प्लग यांपैकी कोणीही घेऊ शकतो. म्हणून गळती कुठली, हे ठरल्याशिवाय पाना हातात घेण्यात अर्थ नसतो. गॅरेजमध्ये विनाकारण बदलल्या जाणाऱ्या महागड्या सुट्या भागांत इंजेक्टरचा क्रमांक बराच वरचा असावा.

पेट्रोल इंजेक्टरमध्ये तारेचे वेटोळे, स्प्रिंग, एक सुई आणि सुई टेकते ती बैठक एवढाच संसार असतो. ईसीयूकडून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडून, वीज आली की सुई उचलली जाते, काही मिलिसेकंद फवारा उडतो आणि स्प्रिंग सुईला पुन्हा बैठकीवर दाबते. एमपीएफआय गाडीत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या पेट्रोल गाडीत, रेलमधला (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब साधारण ३ ते ४ बार असतो. बैठकीवर कार्बनचा कण अडकला, गंज चढला किंवा ती झिजली, की सुई पूर्ण टेकत नाही. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही: फवारणीचा नोझल झिजला की धुक्याऐवजी थेंब पडतात, औषध जास्त जाते आणि पानावर काम कमी होते.

सांगली जिल्ह्यात या दुरुस्तीची ओळख पेट्रोल मोटारींच्या इंजेक्टरांच्या आधीची आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत वसवली. पुढे कृष्णाकाठी पाणी उपसायला डिझेल इंजिने आली, मागोमाग ट्रॅक्टर आणि उसाचे ट्रक. त्यांचे पंप-नोझल तपासणाऱ्या कारागिरांच्या भाषेत आजही डिझेलचा इंजेक्टर ‘नोझल’च असतो. ही परंपरा उपयोगाची आहे, पण तिचा एक धोकाही आहे. तो पुढे येईल.

पेट्रोल गाडीतील आतल्या गळतीचे पहिले लक्षण सुरू होण्यात दिसते. पुण्याहून सांगलीला येताना पेठ नाक्यावर चहाला थांबलेली गाडी पंधरा-वीस मिनिटांनी नुसतीच सेल्फ घेत राहते, मग भसकन काळा धूर सोडून सुरू होते. थांबलेल्या इंजिनात टपकलेले पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, साचलेले असते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारून पाहावा: बहुतेक गाड्यांत ईसीयू त्या स्थितीत इंधन तोडतो, नुसती हवा आत जाते, आणि ‘फ्लड’ झालेले इंजिन पेटते. उलट, चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी लगेच सुरू होत असेल, तर रेलमधला दाब उतरला होता आणि पंपाने तो पुन्हा भरला, एवढेच कळते. दोन्ही खुणा एकत्रही दिसू शकतात. याशिवाय थांबलेल्या गाडीची थरथर, मायलेजमधली घट, एकाच सिलिंडरचा काळा ओला प्लग, आणि सर्वांत वाईट म्हणजे डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) वाढत जाणारी ऑइलची पातळी. ‘ऑइल खात नाही, उलट वाढतंय’ म्हणून खूश होणारे मालक भेटतात. पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरलेले पेट्रोल ऑइल पातळ करते आणि बेअरिंगची वाट लावते. जास्तीचे पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला गेले तर धुरातील घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून वितळू शकतो.

तपासणीत दाबाचे घड्याळ सर्वांत बोलके असते. रेलवर ते जोडून चावी ऑन करावी, पंप दोन-तीन सेकंद चालून थांबू द्यावा आणि काटा पाहावा. काटा भराभर खाली आला तर गळती आहे हे नक्की. पण ती इंजेक्टरचीच असे मात्र नाही. टाकीतल्या पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (इंधन मागे जाऊ न देणारी झडप) किंवा प्रेशर रेग्युलेटर गळत असला तरी काटा तसाच उतरतो. म्हणून पंप व रेल यांच्यामधली वाट, आणि परतीची नळी असेल तर तीही, बंद करून काटा पुन्हा पाहतात. वाट बंद असूनही दाब उतरला तरच संशय इंजेक्टरवर येतो. जुन्या रबरी नळ्या चिमट्याने दाबता येत; आताच्या कडक प्लॅस्टिकच्या नळ्या दाबल्या की चिरतात, तिथे मधे झडप जोडावी लागते. शेवटचा पुरावा साधा असतो: इंजेक्टरांसकट रेल उचलायची, खाली कागद धरायचा, दाब भरायचा आणि कुठल्या टोकाशी थेंब धरतो ते पाहायचे. ही तपासणी उघड्या पेट्रोलवर होते. इग्निशन कॉइलचे सॉकेट काढलेले, बॅटरीवर ठिणगी नाही, आसपास विडी-सिगारेट नाही आणि आग विझवायचे नळकांडे हाताशी, एवढे नसेल तर ती करू नये.

ईसीयूतली माहिती वाचणारा स्कॅनर असेल तर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू इंधन किती टक्के कमी-जास्त करतो त्याचे, आकडे रेल उचलण्याआधीच बरेच सांगतात. गळक्या इंजेक्टरमुळे हवेच्या मानाने इंधन जास्त होते, ईसीयू इंधन कमी करत जातो आणि आकडा ऋण बाजूला सरकतो; पी ०१७२ हा जास्त इंधनाचा दोष सांगणारा कोडही येऊ शकतो. ही ओढ आयडलला (उभ्या गाडीच्या मंद चालीला) जास्त आणि वेग वाढवल्यावर कमी दिसते, कारण टपकणारे इंधन तेवढेच राहते आणि एकूण इंधन मात्र वाढते. येथे एक गंमत आहे. इंजेक्टरला दोन ओ-रिंग (रबराची गोल कडी) असतात. वरची फुटली तर पेट्रोल बाहेर येते. खालची कडक झाली तर पेट्रोल नव्हे, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ट्रिमचा आकडा धन बाजूला जातो. म्हणजे शेजारच्या दोन रिंगांची लक्षणे अगदी उलटी. मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजण्याची सवय चांगलीच. बहुतेक इंजेक्टरांत तो १२ ते १६ ओहम भरतो. पण रोध बरोबर आला म्हणून गळती नाही असे ठरत नाही. ती यांत्रिक बाब आहे.

दुरुस्तीची सुरुवात दाब उतरवण्याने होते. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग बॅटरीची ऋण तार सोडावी. बैठकीभोवतीची धूळ हवेने उडवल्यावरच रेल उचलावी, नाहीतर तो कचरा थेट व्हॉल्व्हवर पडतो. नव्या रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावून इंजेक्टर सरळ दाबावा. पिळून बसवला की रिंग कापली जाते. सुईखाली कार्बन असेल तर अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनांच्या) टाकीतील सफाईने फरक पडतो. टाकीत ओतायच्या बाटलीबंद क्लीनरने थोडाफार कार्बन निघेल; झिजलेली बैठक किंवा फुटलेली रिंग त्याने सुधारत नाही. सफाईनंतरही थेंब धरत असेल तर इंजेक्टर बदलावा. चारांतला एकच बदलायचा की चारही, यावर वाद चालतो. गाडी बरीच चाललेली असेल तर उरलेल्या तिघांचा फवारा व प्रवाह मोजून ठरवणे योग्य.

पेट्रोलमधील इथेनॉलला हल्ली प्रत्येक गळतीचा दोष दिला जातो. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तो विषय जिव्हाळ्याचाही आहे. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगू शकते, आणि इथेनॉल पाणी शोषून घेतो, हे खरे. जुन्या गाडीत बदली रिंग फ्लुरोकार्बन रबराची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत व्हायटनची, घ्यावी ती यासाठीच. पण इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे कडक झालेली रिंग इथेनॉल नसतानाही फुटतच होती.

डिझेलच्या कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच रेलमधून उच्च दाबाचे डिझेल मिळते त्यात, सगळे आकडे बदलतात. दाब १,६०० बार आणि त्याहून वर जातो, सुई व तिची नळी यांमधली फट दोन-चार मायक्रॉनची असते. येथे गळती तीन ठिकाणी संभवते. टोकाशी गळती झाली तर पांढरा धूर, ठोक्यांचा आवाज आणि दुर्लक्ष केल्यास पिस्टनला भोक. इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या वाटेने जास्त डिझेल गेले तर रेलमध्ये दाबच बनत नाही. तो साधारण १५० ते २५० बारपर्यंत चढल्याशिवाय इंजिन पेटत नाही, आणि सेल्फ नुसता फिरत राहतो. तिसरी गळती डिझेलची नसून सिलिंडरमधल्या वायूची असते: इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर बसका झाला की फुस-फुस आवाज येतो आणि भोवती डांबरासारखा काळा थर जमतो. परतीच्या गळतीसाठी प्रत्येक इंजेक्टरच्या ओव्हरफ्लो (परतीच्या) नळीला खुणा केलेली बाटली लावून ठरावीक वेळ इंजिन चालवतात. एखादी बाटली इतरांपेक्षा लवकर भरली की गुन्हेगार सापडला. वॉशर मात्र दरवेळी नवाच, तोही त्याच जाडीचा लागतो, आणि बसवण्याआधी बैठक खरवडून स्वच्छ करावी लागते. इंजेक्टर बदलल्यास त्याच्यावर छापलेला कॅलिब्रेशन कोड (त्या इंजेक्टरचे मोजमाप सांगणारा) ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता गाडी चालते, पण धूर आणि थरथर राहते.

जुन्या इंजिनात मिस्त्री चालू इंजिनावर नोझलच्या नळीचा नट ढिला करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते ओळखत. तीच सवय कॉमन रेलवर नेणे जिवावर बेतू शकते. केसाएवढी डिझेलची धार कातडीतून आत शिरते, बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही. तरी तासाभरातसुद्धा बोट गमावण्याइतकी इजा सुरू झालेली असू शकते. मलम लावून घरी जाण्याची ही जखम नव्हे, सरळ रुग्णालय गाठावे. गळती हाताने कधीच चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी.

ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरासारख्या वेळी पाण्यात उभी राहिलेली गाडी हा वेगळाच प्रकार. टाकीत पाणी गेले असेल तर सेल्फ मारण्याचा मोह टाळावा. पाणी एकदा इंजेक्टरपर्यंत पोहोचले की सुई गंजते आणि काही दिवसांनी अडकते किंवा टपकू लागते. टाकी रिकामी करणे, फिल्टर बदलणे आणि पाइप धुणे हे आधी.

पेट्रोल गाडीचे काम झाल्यावर चावी तीन-चारदा ऑन करून, इंजिन न चालवता, प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहतात. मग इंजिन चालू करून गरम होऊ देतात, बंद करतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू करतात. मूळ तक्रार गरम इंजिनाची होती, तेव्हा थंड इंजिनावर पास झालेली दुरुस्ती अर्धीच. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल व फिल्टर त्याच दिवशी बदलावेत.