कुत्र्याचं घरचं जेवण : चतकोर भाकरीपासून चिकन-भातापर्यंत

कुत्र्याला घरी शिजवून घालायचं की पिशवीतलं तयार खाद्य, यावर शहरांत सध्या बरीच हमरीतुमरी चालते. घरचं जेवण ही नवी टूम आहे, असंही काहीजण ठासून सांगतात. इतिहास उलटा आहे. नवी आहे ती पिशवी. तयार खाद्याचा धंदा सुरू होऊन जेमतेम 160 वर्षं झाली, आणि त्याआधीची हजारो वर्षं कुत्रा माणसाच्या चुलीच्या आधारानेच जगला.

त्या सोबतीची खूण त्याच्या शरीरात सापडते. 2013 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात 4 ते 30. माणूस शेती करू लागला, धान्य खाऊ लागला, तसा त्याच्या दारातला कुत्राही ते पचवायला शिकला.

आपल्याकडे तर त्याचा घास धर्मानेच राखून ठेवला. गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्यासाठीही अन्न बाजूला काढायची रीत जुनी आहे. चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की त्यातला वाटा कुत्र्यालाही मिळतो. कुत्र्याने पळवलेली भाकरी कोरडी जाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव मराठी घरांत आजही सांगितले जातात. मला या कथेतलं तूप फार मोलाचं वाटतं. नुसतं पोट भरण्यापलीकडे, कुत्र्याला काय घालावं याचाही विचार त्यात आहे.

पण गावचा कुत्रा चतकोर भाकरी आणि ताकातल्या कण्यांवरच जगत होता, असं समजणं चुकीचं ठरेल. उरलेली भरपाई तो स्वतः करायचा. उंदीर-घुशी मारायचा, हाडं चघळायचा, खाटकाच्या दुकानामागे वजडीचा तुकडा मिळवायचा, मेलेल्या जनावरावर ताव मारायचा. घरच्या घासाला बाहेरची जोड होती.

तयार खाद्याची सुरुवात लंडनमध्ये झाली. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस 1860 च्या सुमारास तिथे होता. जहाजांवरची टणक बिस्किटं कुत्रे खाताना पाहून त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि मांसाचा अंश घालून त्याने कुत्र्यांची बिस्किटं काढली. त्याच्याकडे नोकरीला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे 1891 मध्ये आपल्या नावाचं श्वानप्रदर्शन भरवलं, ते आजही भरतं. अमेरिकेत 1922 मध्ये घोड्याच्या मांसाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली आणि कोरडं खाद्य पुढे सरकलं. 1957 मध्ये प्युरिना कंपनीने न्याहारीच्या धान्यासाठी वापरायच्या यंत्रातून दाबून फुलवलेले दाणे बाजारात आणले. तेच दाणे आज आपल्याकडच्या पिशव्यांतही दिसतात.

मधे एक गोष्ट घडली, ती या वादात सहसा कुणी काढत नाही. 1939 मध्ये अमेरिकेत मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांच्या वाटाड्या कुत्र्याची, बडीची, मूत्रपिंडं बिघडली. डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्यांनी प्रथिनं आणि मीठ बेताचं ठेवून त्याच्यासाठी वेगळं जेवण तयार केलं. ते पती-पत्नी आपल्या स्वयंपाकघरात रांधायचे आणि काचेच्या बरण्यांत भरून पाठवायचे. बरण्या वाटेत फुटू लागल्यावर डबे आले आणि 1948 मध्ये हे काम कंपनीकडे गेलं. आज पशुवैद्य लिहून देतात त्या आजारांवरच्या खाद्याचं मूळ असं घरच्या पातेल्यात आहे.

पिशवीवरचा विश्वास सर्वांत जास्त हलला तो 2007 मध्ये. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलामाइन या प्लास्टिक बनवायच्या रसायनाची भेसळ निघाली, उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. एका कंपनीने 6 कोटींहून जास्त डबे-पाकिटं परत मागवली. अनेक पालक पुन्हा गॅसपाशी उभे राहिले ते तेव्हापासून.

मात्र आता परिस्थिती बदलली होती. फ्लॅटमधल्या कुत्र्याला उंदीर नाही, उकिरडा नाही. भांड्यात पडेल तेवढंच त्याचं अन्न. 2013 मध्येच कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या, तेव्हा 95 टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. नुसत्या चिकन-भातात सर्वांत मोठी उणीव कॅल्शियमची असते. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात. म्हणून जाणकार पशुवैद्य चिकन, भात, भोपळा, थोडी कलेजी यांच्या जोडीला कॅल्शियम मोजून घालायला सांगतात. अंड्याच्या एका कवचाच्या बारीक पुडीत ते साधारण 2 ग्रॅम असतं. किती घालायचं हे कुत्र्याचं वजन आणि वय पाहून ठरतं. कांदा-लसूण, द्राक्षं आणि बेदाणे मात्र वजन-वय काहीही असो, पातेल्याबाहेरच ठेवायचे.