तंतू-प्रबलित संमिश्रांवरील धातूचा पातळ लेप

कार्बन, काच किंवा अ‍ॅरामिडचे (केव्हलरसारखे) तंतू रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेसारख्या प्लॅस्टिकमध्ये, बांधून केलेल्या वस्तूवर, म्हणजे संमिश्रावर (कॉम्पोझिटवर), धातूचा अतिशय पातळ थर चढवण्याची क्रिया. थराची जाडी बहुधा एका मायक्रोमीटरच्या काही दशांशापासून काही मायक्रोमीटरपर्यंत असते. संमिश्र हलके आणि ताठ असले तरी वीज, सूक्ष्मलहरी, उष्णता आणि बाष्प यांच्याशी ते धातूसारखे वागत नाही. लेपाने ही उणीव, वजनाच्या हिशेबाने, जवळजवळ फुकटात भरून निघते. एक चौरस मीटरवर एक मायक्रोमीटर अ‍ॅल्युमिनियम चढवले तर वजन वाढते फक्त २.७ ग्रॅम.

कार्बन तंतू स्वतः विद्युतवाहक आहे, मग लेप कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. पण तंतूच्या लांबीच्या दिशेनेसुद्धा त्याची वाहकता तांब्याच्या साधारण हजाराव्या हिश्शाइतकीच भरते, आणि जाडीच्या दिशेने थराथरांमध्ये रेझिन आडवे येत असल्याने ती आणखी घसरते. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या वरच्या कातडीतूनच वाहतो. १० गिगाहर्ट्झला तांब्यात ही कातडी सुमारे ०.६६ मायक्रोमीटर खोल असते. म्हणून अँटेनाच्या परावर्तकावर तिच्या तीन-चार पट, म्हणजे दोन-अडीच मायक्रोमीटर तांबे चढवले की लहरींच्या दृष्टीने ती वस्तू भरीव तांब्याची होते. २००९ मध्ये अवकाशात गेलेल्या प्लांक दुर्बिणीचे आरसे याच तत्त्वावर बनवले होते. घडण कार्बन-संमिश्राची, परावर्तन करणारा पृष्ठभाग अ‍ॅल्युमिनियमच्या लेपाचा, आणि काम सुमारे ४० केल्विनच्या थंडीत.

लेपाचे यश-अपयश मात्र तंतूंवर फारसे अवलंबून नसते. धातूची गाठ पडते ती सर्वांत वरच्या रेझिनशी, आणि या धंद्यातली खरी मेहनत त्या काही मायक्रोमीटरांवरच होते. साच्यातून निघालेल्या भागावर साचा सुटावा म्हणून लावलेल्या सिलिकोनचा किंवा फ्लोरिनयुक्त पदार्थाचा अंश राहिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण पाणी तो उघड करते. भाग उभा धरून त्यावर शुद्ध पाणी सोडले आणि पडदा अखंड राहिला, तर पृष्ठभाग स्वच्छ. पडदा फाटून थेंब गोळा झाले, तर परत साफसफाई. पुसणे आणि हलके घासणे झाल्यावर बहुधा ऑक्सिजन प्लाझ्मा (विजेने आयनित केलेला ऑक्सिजन वायू) देतात. त्याने चिकट अंश जळून जातो आणि रेझिनवर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार होतात, ज्यांना धातू पकडून बसतो. पण अति झालेला प्लाझ्माही घातकच. त्याने रेझिनच्या साखळ्या तुटून वर एक कच्चा थर उरतो, आणि लेप त्याच्यासकट सुटून येतो.

इपॉक्सी हे नेहमीचे रेझिन हवेतली ओल शोषते. भाग न वाळवता लेप चढवण्याच्या निर्वात कक्षात ठेवला की तासन्‌तास बाष्प सुटत राहते, दाब उतरत नाही आणि अ‍ॅल्युमिनियम काळवंडलेले, धुरकट बसते. म्हणून आधी मंद उष्णतेवर वाळवण आवश्यक असते. आणखी एक खोड चकाकी आल्यावरच लक्षात येते. घट्ट होताना रेझिन आकसते. तंतूंच्या जुडग्यांमधल्या खळग्यांत ते जास्त असते, तिथेच जास्त खचते. काळ्या पृष्ठभागावर न दिसलेली ही विणीची नक्षी आरशासारख्या लेपात ठळक उमटते. उपाय म्हणजे वर निव्वळ रेझिनचा वेगळा थर देणे.

लेप चढवण्याच्या पद्धतींत निर्वात बाष्पीभवन सर्वांत सोपे. सुमारे ०.००१ पास्कल दाबाला अणू कित्येक मीटर न आदळता सरळ जातो. म्हणून वेग चांगला मिळतो, पण आडोशाची जागा कोरी राहते आणि भाग फिरवावा लागतो. स्पटरिंगमध्ये आर्गॉनचे आयन धातूच्या पत्र्यावर आदळून अणू उडवतात. हे अणू बाष्पीभवनातल्यांपेक्षा कित्येक पट ऊर्जेने येऊन बसतात, त्यामुळे पकड सहसा अधिक चांगली. मात्र पृष्ठभाग तापतो, आणि इपॉक्सी नरम पडण्याचे तापमान प्रकारानुसार १२० ते १८० °से.च्या आसपास असल्याने थांबत-थांबत काम करावे लागते. दोन्ही पद्धतींत तांब्याआधी क्रोमियम किंवा टायटॅनियमचा काही दशक नॅनोमीटर थर पकडीसाठी देतात. जाड लेप हवा असेल तर पॅलॅडियमने पृष्ठभाग सक्रिय करून रासायनिक द्रावणातून, विजेविना, तांबे किंवा निकेल चढवतात आणि त्यावर विद्युतविलेपन (विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा) करतात. १९८० च्या दशकात नोव्होसिबिर्स्कमध्ये विकसित झालेला शीत फवाराही (धातूची भुकटी न वितळवता प्रचंड वेगाने मारणे) वापरून पाहिला जातो, पण वेगाने आदळणारे कठीण कण रेझिन खरवडून तंतू उघडे पाडतात. कथिलासारखा मऊ धातू त्यातल्या त्यात जमतो.

लेप सुटण्यामागे बहुधा तापमानाचा ताण असतो. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला सुमारे २३ दशलक्षांश प्रसरण पावते. सर्व दिशांना तंतू घातलेले कार्बन-संमिश्र जेमतेम दोन-तीन. तापमान १०० अंशांनी उतरले की लेपाला ०.२३ टक्के आकसायचे असते, पण आधार त्याला त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेच आकसू देतो. या ओढीत साठणारी ऊर्जा जाडीबरोबर वाढते. म्हणूनच अर्धा मायक्रोमीटर लेप जिथे वर्षानुवर्षे टिकतो, तिथे तोच धातू वीस मायक्रोमीटर जाड असता पापुद्र्यासारखा उठू शकतो. पकड तपासायला लेपावर पात्याने बारीक चौकटी कापतात, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढतात आणि किती चौकटी निघाल्या ते मोजतात. तापमानाची आवर्तने देण्याआधी आणि नंतर अशी दोन्ही वेळा ही चाचणी केली तरच तिला अर्थ आहे.

अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन यांची जोडी ओलाव्यात विद्युतघटासारखी वागते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. मधला रेझिनचा थर अखंड असेपर्यंत धोका नसतो. कापलेल्या कडेला किंवा छिद्रापाशी तंतू उघडा पडला की गंज तिथून सुरू होतो. अशा ठिकाणी मध्ये काचतंतूचा थर घालतात किंवा तांबे निवडतात. विमानाच्या अंगावर पडणाऱ्या विजेला मात्र असा लेप पुरा पडत नाही. चाचणीत धरला जाणारा २ लाख अँपिअरचा शिखरप्रवाह मायक्रोमीटरभर धातूची क्षणात वाफ करतो, म्हणून तिथे पृष्ठभागाखाली तांब्याची जाळी बसवतात.