भविष्य निर्वाह निधीचे नियोक्ता पोर्टल

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या, संकेतस्थळावरील आस्थापनांसाठीचा विभाग. कर्मचाऱ्याची नोंद, दरमहाचे विवरण, रकमेचा भरणा आणि नोकरी सोडल्याची तारीख ही कामे येथून होतात. १९५२ च्या कायद्यानुसार २० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना निधी लागू झाला. एप्रिल २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक चलान-विवरण, म्हणजे ईसीआर, सुरू झाल्यावर कागदी विवरणे मागे पडली. आस्थापना क्रमांकाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून कार्यालय कळते: पीयूपीयूएन म्हणजे पुणे, एमएचबीएएन म्हणजे वांद्रे.

नवा माणूस रुजू झाला की त्याच्याकडून फॉर्म ११ भरून घेतात. पूर्वी कुठे निधीचा सभासद होता का, हे त्यात कळते. असेल तर त्याचा १२ अंकी यूएएन, म्हणजे सभासदाचा कायमचा क्रमांक, तोच राहतो. नवा काढला की एका माणसाची दोन खाती होतात आणि पुढे ती जुळवत बसावे लागते. सप्टेंबर २०२१ पासून आधार जोडल्याशिवाय त्या सभासदाची ओळ ईसीआरमध्ये घेतली जात नाही. महाराष्ट्रात येथेच जास्त अडते. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठे वडिलांचे नाव गाळलेले. लग्नानंतर बँकेत एक नाव आणि आधारवर दुसरे. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळले नाही तर जोडणी नाकारली जाते. पहिल्या पगाराआधीच हे तपासून घेतलेले बरे.

ईसीआर ही साधी टेक्स्ट फाईल असते. प्रत्येक सभासदाची एक ओळ, ओळीत ११ रकाने, दोन रकान्यांमध्ये #~# ही खूण. यूएएन व नावानंतर एकूण वेतन, मग निधी, निवृत्तिवेतन आणि विमा यांसाठीची तीन वेतने, त्यानंतर तीन रकमा, बिनपगारी दिवस आणि परत केलेली उचल. पगाराच्या सॉफ्टवेअरमधून ही फाईल तयार मिळते. लहान कचेऱ्या ती एक्सेलमध्ये बनवतात. तेथे यूएएनचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवावा लागतो. नाहीतर १२ अंकांचे १.०१ई+११ होऊन बसते आणि पोर्टल फाईल परत पाठवते.

कर्मचाऱ्याचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. मालकाच्या हिश्शातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत जातात, पण सप्टेंबर २०१४ पासूनच्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच, म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २०,००० असतील आणि पूर्ण वेतनावर वर्गणी भरायची असेल, तर कर्मचाऱ्याचे २,४००, निवृत्तिवेतनाचे १,२५० आणि मालकाकडून निधीत १,१५०. मर्यादेपुरतीच भरायची असेल तर १,८००, १,२५० आणि ५५०. ही शेवटची रक्कम वजाबाकीने काढायची. ३.६७ टक्क्यांनी काढली तर पूर्णांक करताना ५५१ येतात आणि एक रुपया जुळत नाही. विम्याचे अर्धा टक्का (माणशी कमाल ७५ रुपये) आणि प्रशासकीय खर्चाचे अर्धा टक्का (सगळ्या आस्थापनेचे मिळून किमान ५०० रुपये) मालकानेच भरायचे असतात. कर्मचाऱ्याच्या पगारातून ते कापता येत नाहीत.

फाईल स्वीकारली गेली की टीआरआरएन, म्हणजे विवरणाचा तात्पुरता संदर्भ क्रमांक, असलेले चलान तयार होते आणि नेट बँकिंगने भरणा होतो. पैसे भरण्याआधी चलानातील बेरीज पगारपत्रकाशी ताडून पाहावी. मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. पाच दिवसांची जुनी सवलत २०१६ मध्ये बंद झाली. उशिराबद्दल निधीच्या कायद्यातील कलम ७क्यूखाली वार्षिक १२ टक्के व्याज, शिवाय कलम १४बीखाली नुकसानभरपाई, जी जून २०२४ पासून थकबाकीच्या दरमहा १ टक्का ठरली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला हिस्सा मुदतीत भरला नसेल तर प्राप्तिकरात त्याची वजावट मिळत नाही. पंधराव्या तारखेच्या संध्याकाळी साइट मंदावते, म्हणून जाणते लेखापाल दहा-बारा तारखेलाच मोकळे होतात.

पोर्टल बेरीज आणि ओळख तपासते. कोणता भत्ता वेतनात धरायचा हे त्याला कळत नाही. सगळ्यांना सरसकट मिळणारा विशेष भत्ता मूळ वेतनात धरावा, असे फेब्रुवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो; तो वगळलेली फाईलही बिनतक्रार स्वीकारली जाते आणि मागणी पुढे चौकशीत निघते. निवृत्तिवेतनाच्या पात्रतेचेही तसेच. १ सप्टेंबर २०१४ नंतर प्रथमच सभासद झालेला आणि तेव्हाच १५,००० हून अधिक वेतन असलेला माणूस त्या योजनेत बसत नाही. वयाची ५८ वर्षे झाल्यावरही तेथील वर्गणी थांबवून मालकाचे पूर्ण १२ टक्के निधीत वळवायचे असतात. चूक झाली तर ती बहुधा दाव्याच्या वेळीच उघडी पडते.

सोडल्याची तारीख मालकाने टाकली नाही तर खाते बंद करून पैसे काढणे अडते. जानेवारी २०२० पासून शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासद ती स्वतः नोंदवू शकतो. मात्र जुन्या नोकरीची शेवटची तारीख नव्या नोकरीच्या रुजू तारखेनंतरची पडली, तर सेवा एकमेकींवर चढलेली दिसते आणि दावा अडू शकतो.

कंत्राटदारामार्फत माणसे घेणाऱ्या कारखान्याने केवळ चलानाची प्रत घेऊन बिल मंजूर करू नये. चलानावर एकूण रक्कम असते, नावे नसतात. आस्थापना शोधाच्या पानावर टीआरआरएननिहाय भरणा आणि त्यातील सभासदांची नावे दिसतात. ती आपल्या हजेरीपटाशी ताडायची, कारण कंत्राटदाराने वर्गणी बुडवली तर ती मुख्य नियोक्त्याकडून, म्हणजे कारखान्याकडून, वसूल होऊ शकते.